सोवळं इंजेक्शन

यांच्या आजाराचं पहिलं निदान आमच्या न्हाव्यानं केलं. वैद्य, जोशी, डॉक्टर सगळे त्याच्या मागून आले, आणि त्यातले बरेचसे तर चुकीच्या माणसाची नाडी बघून गेले. ती नाडी माझी होती.

हे रत्नागिरीच्या कोर्टात नक्कलनवीस होते. निकालांच्या आणि दस्तांच्या नकला करायच्या, दिवसभर बोरू चालवायचा. अक्षर असं, की हरलेले पक्षकारसुद्धा आपल्या हरण्याची नक्कल जपून ठेवत. मी केळशीची. अठरा वर्षांची होईपर्यंत माझं कुठं जमलं नव्हतं, आणि त्या काळात अठरा म्हणजे घोडनवरी. म्हणून हर्णैच्या बंदरावर मला आगबोटीत बसवताना माझ्या वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला स्पष्ट ऐकू आला. सासरी माणसं दोनच, हे आणि सासूबाई. सासूबाई विधवा, सोवळ्याच्या कडक, जिभेनं त्याहून कडक, पण घासातला घास काढून देणाऱ्या.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात ते वाया गेले. सासूबाईंनी मला सव्वा महिना खाली पाऊल टाकू दिलं नाही. "होतं गो असं," म्हणाल्या, "पहिलं झाड कधीकधी मोहोर गाळतं."

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला यांना गालफुगी झाली. गावात पोरांना आली होती. हे एवढे बाप्ये, यांना का यावी कोण जाणे. दोन्ही गाल सुजून चेहरा पपनसासारखा झाला. आम्ही हसलो, सुंठीचा लेप लावला. पाचव्या दिवशी गाल उतरले आणि ताप पुन्हा चढला. सूज आता खाली गेली होती. कुठं, ते मला कोणी सांगितलं नाही. हे आठ दिवस पाय फाकवून भिंतीला धरून चालत होते एवढं मी पाहिलं. मग तेही बरं झालं, हे कोर्टात जायला लागले, आणि ती गोष्ट सगळे विसरले.

न्हावी यांची दाढी करायला सोमवारी आणि गुरुवारी यायचा. वर्षभरात तो फक्त सोमवारी यायला लागला, आणि पुढच्या वर्षी पंधरा दिवसांनी. एकदा मागल्या दारी पाणी मागायला आला तेव्हा मला हळूच म्हणाला, "बाय, रागावू नका. जमीन चांगली होती हो, पीक खय गेलं?"

मी त्याला म्हटलं, "तू पाणी पी आणि जा." पण त्या दिवसापासून मी बघायला लागले.

पूर्वी हे कोर्टातून आले की आधी विहिरीवर जाऊन दहा-बारा कळशा अंगावर ओतून घेत. आता येऊन पडवीत आडवे होत. भर पौषात एकाएकी घामानं निथळत आणि पंखा मागत. विहिरीवर आंघोळ करायची सोडली; न्हाणीत दार लावून करू लागले, आणि वैशाखातसुद्धा अंगातला सदरा काढेनासे झाले. एकदा शेजाऱ्यांचं वासरू मेलं म्हणून डोळे पुसत बसले. राग तर गेलाच. मी भातात मीठ दोनदा घातलं तरी जेवून उठत आणि "छान होता" म्हणत. रात्री आमच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. कडी घालायचं कारण उरलं नव्हतं. याहून जास्त मी त्याविषयी लिहिणार नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

मूल का होत नाही, असा प्रश्न गावाला पडला तेव्हा गावानं तो सोडवूनही टाकला. दोष माझ्यात. तीन महिन्यांत गळलं, म्हणजे कूस कच्ची. मी औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या, सोळा सोमवार केले, कडू काढे प्याले, दंडाला कसलंसं मूळ बांधलं. एका वैद्यानं मला तीन महिने तुपातून काहीतरी चाटवलं, त्यानं मी छान गुटगुटीत झाले. सासूबाई खूष होऊन म्हणाल्या, "गुण यायला लागला." यांना मात्र कोणी साधी जीभ दाखवायला सांगितली नाही.

आपल्याला काही झालंय हे यांना ठाऊक होतं, ते मला पुढे कळलं. एकदा यांचा कोट उन्हात घालताना खिशातून डबी पडली. वर्तमानपत्रात जाहिराती येत, सिंहाच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला पैलवान आणि खाली 'गेलेले तारुण्य परत', त्यातल्या गोळ्या. चांदीचा वर्ख लावलेल्या. टपाल घरी येऊ नये म्हणून कोर्टाच्या पत्त्यावर मागवलेल्या. त्या गोळ्यांनी तारुण्य आलं नाही. एक दिवस हे कारण नसताना हसत होते आणि पुढचे चार दिवस परसाकडे झालं नाही. मी डबी परत खिशात ठेवली. आपण एकाच दुखण्याची औषधं दोन कोपऱ्यांत बसून गिळतोय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग सासूबाईंनी मनाशी ठरवलं आणि पावसच्या एका घरी निरोप पाठवला. मुलगी वीस वर्षांची, आई नसलेली, बिजवरालाही द्यायला तयार. सासूबाईंनी मला सांगितलं ते तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. "तू या घरातून कुठं जायची नाहीस हो. तू मोठी, ती धाकटी. वंशाला दिवा नको का गो?"

मी म्हटलं, "हवा."

पण त्याआधी एकदा बाईडॉक्टरला दाखवायचं, असा माझा हट्ट होता. धर्मादाय दवाखान्यात एक गोरी डॉक्टरीण होती. सासूबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या, आत मी एकटी. तिनं मला तपासलं, हात धुतले आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, तुझा काही बिघाड नाही. तुझा नवरा कुठे आहे? नवऱ्याला घेऊन ये."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"हवापालट करा म्हणाली," मी सांगितलं.

यांना मात्र खरं सांगितलं. रविवारची दुपार होती, सासूबाई देवळात पुराणाला गेल्या होत्या. हे पडवीत बसून बोरूला टोक करत होते. मी समोर उभी राहिले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. यांनी वर पाहिलं नाही. बोरू तासत राहिले, तासत राहिले, शेवटी हातात बोटभर तुकडा उरला. मग तो खाली ठेवून म्हणाले, "बरं." एवढंच. मला वाटलं, झालं, पावसची मुलगी येणार.

ती आली, बुधवारी, वडिलांबरोबर. घर बघायला. पोहे मीच केले. दुसरं कोण करणार? मुलगी माजघरात माझ्याजवळ येऊन बसली. सावळी, तरतरीत, डोळे घाबरलेले. तिनं मला खालच्या आवाजात विचारलं, "ते रागीट आहेत का हो?"

"नाहीत," मी म्हटलं. "त्यांना राग येत नाही. काहीच येत नाही."

तिला ते कळलं नाही. कळण्याचं वयही नव्हतं आणि मीही नीट बोलत नव्हते. तेवढ्यात बाहेर पडवीत यांचा आवाज ऐकू आला. हे चार माणसांत बोलणारे नव्हते. त्यामुळे आम्ही दोघी दाराशी गेलो. तिचे वडील पाटावर बसलेले, सासूबाई खांबाआड उभ्या, आणि हे हात जोडून सांगत होते, "तुमची मुलगी चांगली आहे. पण दोष माझ्यात आहे. माझ्या बायकोत नाही. मुलीला इथे देऊ नका."

पोह्यांची ताटली त्या गृहस्थांच्या हातात तशीच राहिली. हे आत आले, माझ्या बाजूनं न्हाणीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून ओकल्याचा आवाज आला.

सासूबाई तीन दिवस अंथरुणावर होत्या. चौथ्या दिवशी उठल्या आणि माझ्या दंडावरचं मूळ सोडून यांच्या दंडाला बांधलं. प्रदक्षिणाही आता यांच्या वाट्याला आल्या. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोर्टाच्या ओसरीवर यांना 'बाई' म्हणून हाका मारल्या गेल्या. एका पट्टेवाल्यानं हाक मारली तर यांनी "काय हो?" म्हणून विचारलं, असं मला शेजारणीनं हसत हसत सांगितलं. मी तिच्याकडे विरजण मागायला जायची बंद झाले.

डॉक्टरांचं नाव सुचवलं तेही न्हाव्यानंच. राजिवडा या खलाशांच्या वस्तीतल्या एका तांडेलाचा मुलगा मुंबईला डॉक्टरी शिकून परत आला होता, बंदराजवळ दवाखाना काढला होता. मुसलमान, तिशीचा, नाकावर चष्मा, बोलणं सरळ. ही अडतीस सालची गोष्ट. हे जायला तयार नव्हते. मी बरोबर गेले.

डॉक्टरांनी यांना पडद्याआड नेऊन तपासलं. नखं बघितली, काखा बघितल्या, लहानपणापासूनचे आजार विचारले. गालफुगी म्हटल्यावर ते थांबले. "लग्नाआधी की नंतर?"

"नंतर," मीच म्हटलं. "दुसऱ्या वर्षी."

मग त्यांनी आम्हाला दोघांनाही बसवून समजावलं. असं कोणी नवराबायकोला एकत्र बसवून सांगतं, हेच मला नवीन होतं. "पुरुषाच्या अंडात एक रस तयार होतो. तो थेट रक्तात मिसळतो. दाढी, आवाज, अंगातलं बळ, मनाची उभारी, बायकोची ओढ, या सगळ्यावर त्याचा हात असतो. तुमचा तो कारखाना गालफुगीच्या सुजेनं बसला. यात पाप नाही, शाप नाही, तुमची चूकही नाही. दम्याच्या माणसाला धाप लागते, तसं हे."

"पुन्हा चालू होईल?" यांनी विचारलं.

"नाही. पण आता तो रस बाहेर करता येतो. दोन-तीन वर्षांतलाच शोध आहे. तेलातून सुईनं देतात. माझा एक मित्र मुंबईत मोठ्या दवाखान्यात आहे, त्याच्याकडे विलायती कंपनीच्या नमुन्याच्या कुप्या येतात. मी मागवतो."

"मूल?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "त्याचा कारखाना वेगळा. तो याच इमारतीत होता. हे औषध तो चालू करत नाही, बाई."

मी ते ऐकलं. हे ऐकत होते की नाही कोण जाणे. यांचं लक्ष 'मागवतो' या शब्दावरच राहिलं होतं.

सासूबाईंची परवानगी काढणं हा खरा इलाज होता. डॉक्टर स्वतः घरी आले, पडवीखाली अंगणात उभे राहिले.

"कशापासून करतात ते?" सासूबाईंनी आतून विचारलं. "कुठल्या जनावराचं तर नाही ना? मी असलं काही घरात येऊ देणार नाही हो."

"मेंढीच्या लोकरीत चिकट चरबी असते काकू, तिच्यापासून."

सासूबाईंच्या अंगावर त्या वेळी देवपूजेची लोकरीची धाबळी होती. तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "लोकर? मग सोवळंच म्हणायचं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. ते हसत होते हे मला कळलं. पुढे एकदा मला म्हणाले, लोकरीशिवाय आणखीही कशाकशापासून करतात, पण काकूंनी तेवढंच विचारलं होतं. मुसलमान डॉक्टरांच्या हातचं कसं चालेल, हा प्रश्नही सासूबाईंनीच निकालात काढला. "सुई टोचली की न्हाणीत जायचं आणि मग घरात यायचं."

डॉक्टरांचे मामा आगबोटीवर होते, ते कापसात गुंडाळलेल्या कुप्या घेऊन येत. आठवड्यातून तीनदा हे दवाखान्यात जात. डॉक्टर कुपी आधी तळहातात धरून उबवत, म्हणजे तेल पातळ होई. पहिले पंधरा दिवस काही नाही. नुसती टोचल्या जागी गाठ. तिसऱ्या आठवड्यात यांनी मला विचारलं, "आज जिन्यावरून कोणी धावत आलं का?" कोणी नव्हतं. यांनाच जिना चढून आल्यावर धाप लागली नव्हती, आणि ते त्यांना इतकं अनोळखी वाटलं, की दुसराच कोणी चढला असं वाटलं.

मग मात्र भराभर फरक पडला. न्हावी पुन्हा सोमवार-गुरुवार यायला लागला आणि निघताना मला नमस्कार करू लागला, जणू मीच पेरणी केली होती. चौतिसाव्या वर्षी यांच्या पाठीवर तारुण्यपीटिका उठल्या. सदरा निघाला, विहिरीवरच्या कळशा सुरू झाल्या. पहाटे भगवतीच्या किल्ल्यापर्यंत चालत जाऊन येत. घोरायला लागले. खोलीच्या दाराला कडी लागू लागली. मी तीस वर्षांची होते, आणि खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसांत विहिरीवर गाणी म्हणत असे.

सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला काढली. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले त्यानं मूल होत नाही." त्या म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतंय." ज्या डॉक्टरच्या सुईनं त्यांचा मुलगा उभा राहिला होता, त्याला.

पण यांचा राग परत आला तो एकटा आला नाही, गेल्या आठ-नऊ वर्षांचा साठलेला घेऊन आला. आमटीत मीठ कमी म्हणून वाटी आपटली. शेजाऱ्यांशी आंब्याच्या फांदीवरून भांडण. ज्या पट्टेवाल्यानं 'बाई' म्हटलं होतं, त्याला भर ओसरीवर मानगुटीला धरून खाली बसवलं. त्याबद्दल मला मनातून आनंद झाला, हेही कबूल करते. पण मग हेडकारकुनाशी भांडले, ते कारण नसताना. आणि अक्षर बिघडलं. घाईचं, फराट्यांचं झालं. एका निकालाच्या नकलेत यांनी 'वादी'च्या जागी 'प्रतिवादी' लिहिलं आणि हरलेला माणूस आठ दिवस जिंकून बसला. साहेबांनी बोलावून समज दिली. हे घरी येऊन म्हणाले, "असली बायकी कामं मला जमायची नाहीत आता."

मी मनात म्हटलं, बारा वर्षं जमत होती.

तरी मी समजूत घालत होते स्वतःची. उपाशी माणूस पहिल्या पंगतीला हावरटासारखा जेवतो, तसं आहे, बसेल खाली. आणि मग एका दिवशी जेवताना हे सासूबाईंना म्हणाले, "आता मी बरा आहे. पावसच्या त्या लोकांना एक पत्र टाकावं म्हणतो."

सासूबाईंच्या हातातला घास थांबला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी ताक वाढत होते. एक थेंबही बाहेर सांडला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

"टाका," मी म्हटलं. "फक्त अक्षर नीट काढा."

पत्र त्यांनी खरोखरच टाकलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहून पहिल्यांदाच रडले. संध्याकाळी डॉक्टर घरी आले आणि यांना म्हणाले, "दुसरं लग्न करायचं तर करा. पण आधी बीज सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. त्या मुलीला फसवू नका."

हे चवताळले. पण तपासायला दिलं. आपण पूर्ण बरे आहोत याची त्यांना खात्रीच होती. डॉक्टरांनी यांना स्वतः नळीला डोळा लावायला सांगितला. घरी आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय दिसलं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही, आई. एकही नाही." मग, कोणाला उद्देशून कळलं नाही, म्हणाले, "मी त्याला विचारलं, मग हे औषध कशासाठी? तर म्हणाला, तुमच्यासाठी."

सासूबाईंनी दुपटी आवरली. त्या रडल्या नाहीत. शेजारच्या घरी नातू झाला होता, त्याला ती सगळी देऊन आल्या.

पावसहून उत्तर आलं ते चार दिवसांनी. यांनी पडवीत उभ्या उभ्या वाचलं, दुमडलं, पुन्हा उघडून वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं, की मुलीचं लग्न गेल्या वैशाखात मालवणकडे झालं, सुखात आहे. आणि पुढे, 'आपण त्या दिवशी खरे बोललात. तसे बोलायला केवढी छाती लागते. आमच्या घरी आपले नाव रोज निघते.'

पत्रावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. गेली दोन वर्षं मी त्याचीच जुळवाजुळव करत होते. पण यांनी ते पत्र घेऊन घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "त्या दिवशी पोहे कोणी केले होते?"

"मी."

"हं," म्हणाले, आणि किल्ल्याकडे चालायला निघून गेले. दिवे लागल्यावर परत आले. त्यानंतर घरात कोणी वाटी आपटली नाही. घोरणं मात्र तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. रत्नागिरीत युद्ध म्हणजे वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं. आमच्याकडे ते आलं ते रिकाम्या हातांनी. डॉक्टरांचे मामा आगबोटीतून उतरले आणि त्यांनी मान हलवली. ती कंपनी जर्मन होती. डॉक्टरांकडे बारा कुप्या उरल्या होत्या. त्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं. "रोजच्यासारख्या दिल्या तर महिनाभर पुरतील. जपून दिल्या तर बराच काळ, पण मग पूर्वीसारखा गुण यायचा नाही. हे औषध जन्मभराचं आहे; थांबलं की माणूस हळूहळू पुन्हा होता तसा होतो."

"तू ठरव," हे मला म्हणाले.

मी महिन्याला एक, असं ठरवलं. मग आमच्या घरचा महिना असा झाला: सुईनंतरचे चार-पाच दिवस हे खणखणीत, बाकीचे दिवस मऊ. मी कामं तशी लावून घेतली. म्युनिसिपालिटीकडे गटाराची तक्रार, शेजाऱ्यांच्या फांदीचा निकाल, विहिरीचा गाळ हे सगळं त्या चार दिवसांत. महत्त्वाच्या नकला उरलेल्या दिवसांत. अक्षर पुन्हा जागेवर आलं. घाम, थकवा, दुपारचं पडून राहणं तेही आलं. वासराच्या वेळचे डोळेही परत आले, आणि मला त्यांची ओळख पटली. तरी मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. एखाद्या रात्री जाग आली आणि घोरणं ऐकू आलं नाही, की मी उठून बसे.

तीन कुप्या झाल्यावर डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाले, की राजिवड्यातला एक खलाशी तशाच दुखण्यानं आलाय. डोलकाठीवरून पडला, दुखापत वाईट जागी झाली, दोन्ही अंडं काढावी लागली. वय पंचवीस. गेल्याच वर्षी निकाह झालेला. घरात कोणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून असतो. त्याला द्यायला काही नाही.

हे ऐकून घेऊन उठले. घरी आल्यावर दारात वहाणा काढताना म्हणाले, "नऊ उरल्यात ना?"

"हो."

"त्याला देऊ या."

"सगळ्या?"

"मला आठ-नऊ वर्षांची सवय आहे. त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. यांनी कुप्या डॉक्टरांकडून स्वतः मागून घेतल्या आणि डॉक्टरांबरोबर राजिवड्याला गेले. डॉक्टर म्हणत होते, मी देतो, तुम्ही कशाला येता. पण यांना त्या मुलाशी बोलायचं होतं. काय बोलले ते मला आजतागायत सांगितलं नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की दोघं तासभर दार लावून बसले होते आणि बाहेर आला तेव्हा तो मुलगा यांना चाचा म्हणत होता.

हे परत आले तेव्हा चांगलंच ऊन झालं होतं. पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सदरा पाठीला चिकटला होता.

"दमलात?" मी विचारलं.

"चढ आहे तो," म्हणाले. "चहा करतेस?"

मी आत जाऊन आधण ठेवलं. सासूबाईंनी देवघरातून विचारलं, "आला का गो तो? न्हाणीत जाऊन आला का?"

मी म्हटलं, "आज सुई नव्हती."